पाचवी तिफण

छबुबाईनं वाकून वावरातली माती मुठीत घेतली, आवळली आणि मूठ उघडली. ढेकूळ फुटलं नाही. बोटांचे ठसे अंगावर घेऊन तळहातावर गुमान बसून राहिलं. म्हणजे ओल होती अजून. पण कालची ओल बोटाला काळी लागत होती, आज नुसता गारवा लागला. उद्या तोही उडून जाईल, आणि मग ही माती मुठीत धरली की भुगा होऊन बोटांच्या फटींतून गळेल.

पाऊस उघडला की जमीन काही दिवस चिखलाचीही नसते आणि कोरडीही नसते. त्याला वापसा म्हणतात. बी त्याच दिवसांत मातीआड जावं लागतं. वापसा मानी पाहुण्यासारखा असतो, कुणी या-बसा म्हटलं नाही तर उठून चालू लागतो. धारूरच्या डोंगराखालच्या आंबेदऱ्यात त्या साली सगळ्यांच्या ज्वारीच्या पेरण्या उरकत आल्या होत्या. काळी राहिली होती ती दोनच वावरं, एक छबुबाईचं आणि दुसरं त्याच्या बांधाला लागून असलेलं शिवशरणआप्पाचं. आप्पाचं का राहिलं, हे तिनं मनाला विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती.

तिचा नवरा आश्रुबा बीडच्या तुरुंगात होता.

त्याचा गुन्हा एवढाच, की तो वाचत होता. नगरकडून, इंग्रजी हद्दीतून, कुणी ना कुणी मराठी वर्तमानपत्रं आणायचं. निजाम सरकारनं ती आपल्या मुलखात बंद केलेली. आश्रुबा दिवस कलताना पारावर बसून ती मोठ्यानं वाचून दाखवायचा. शेतसारा कुठं कसा घेतात, लेकरांना शाळेत आपली भाषा का मिळू नये, रयतेनं सरकारला काही विचारायचं असतं का. माणसं ऐकायची, हातातल्या बिड्या विझून जायच्या, आणि मग एखादा खाकरून काहीतरी विचारायचा. छबुबाईला त्यातलं फार कळत नव्हतं. पण पारावरून घरी येताना नवऱ्याची चाल कशी हलकी झालेली असायची, ते तिला अंधारातसुद्धा नुसत्या वहाणांच्या आवाजावरून कळायचं.

पोळा झाला आणि चौकीचा अमीन, म्हणजे फौजदार, जवान घेऊन आला. पारावरूनच आश्रुबाला उचललं. दुसऱ्या दिवशी गावच्या येसकरानं, सटवानं, हलगी वाजवत गावभर दवंडी दिली, की चौघांच्या वर गडीमाणसं एका जागी दिसली तर बेड्या पडतील हो. सटवाचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, डोळे तेवढे मातीकडं लागले होते.

त्या दिवसापासून पार ओस पडला. पारावरचा प्रश्न मात्र गेला नाही. तो घरोघर चुलीपाशी येऊन बसला. अमीनाला सांगितलं कुणी?

या प्रश्नाचा माग छबुबाईच्या घरी घेऊन आला तो उत्तरेश्वर. मोठा हसतमुख माणूस. ज्याच्या घरी जाईल तिथं ओसरीवर बैठक मारायचा, लेकरांच्या हातावर फुटाणे ठेवायचा, ढोरावासरांची नावं घेऊन चौकशी करायचा. चौकीवर त्याचं जाणं-येणं होतं, म्हणून त्याला आतली खबर असते असं सगळे धरून चालायचे. आश्रुबाला नेल्यावर तो आला, बराच वेळ काडीनं जमिनीवर रेघा ओढत बसला, आणि निघताना उंबऱ्याशी थांबून हळूच म्हणाला,

"वैनी, तुमचं म्हनून सांगतो. पेपर कुठं ठिवलेले असायचे, ते कुनाला ठाव होतं? अन् दुकानात चौकीचे जवान का म्हनून बसत्यात, त्याचाबी इचार करा."

नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. वर्तमानपत्रं शिवशरणआप्पाच्या दुकानात रिकाम्या पोत्यांखाली ठेवलेली असायची. आप्पा लिंगायत, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. किराणा दुकान त्याचं आणि पोटापुरतं वावर. त्याच्या आणि आश्रुबाच्या घरात कैक वर्षांची सावड होती. बैलजोडी आश्रुबाची, पेरायची तिफण आप्पाची, दोन्ही घरची माणसं आज या वावरात आणि उद्या त्या वावरात. आश्रुबा आप्पाला थोरल्या भावाच्या जागी मानायचा. आप्पाची बायको महानंदा आणि छबुबाई एकाच जात्याला समोरासमोर बसायच्या, एकीची ओवी दुसरी पुरी करायची.

उत्तरेश्वर येऊन गेला आणि छबुबाई मिठाला त्या दुकानात जायची थांबली. महानंदाही आली नाही. भांडण झालं नाही, कुणी कुणाला वावगा शब्द बोललं नाही. घडा तडकतो तशी सावड तडकली, आणि पाणी झिरपून गेल्यावरच ते कळलं.

आता वावर काळं पडलं होतं. गोठ्यात बैल होते, कणगीत बी होतं. पण पेरताना चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरायची ती बाईनं आणि बैलांमागं तिफण हाकायची ती गड्यानं, अशी रीत. घरात गडी नव्हता. गडी बोलवायला जावं तर ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी काम निघत होतं. पाणवठ्यावर छबुबाई पोचली की बायांचं बोलणं तुटायचं, आणि तुटलेल्या बोलण्याचं एखादं टोक तिच्या कानाला लागायचं. नावं दिली म्हणे. मार बसला की कोण नाही देणार. ती घागर भरायची आणि मागं वळून न बघता यायची. दुसऱ्याच्या तोंडाला हात लावता येत नाही, पण तिची झोप उडाली होती ती स्वतःच्या मनापायी. गाईचं वासरू दगावलं तेव्हा आश्रुबा गोठ्यात हुंदके देऊन रडला होता. असा मऊ माणूस. त्याला मारलं असेल, तर त्यानं काय केलं असेल?

"इर्जिक घाल," तिची सासू बायनाबाई एक दिवस म्हणाली.

इर्जिक म्हणजे अडल्या घरानं गावाला घातलेली हाक. घरोघर सुपारी देऊन आवतण करायचं. ज्याला जमेल तो आपले बैल, आपलं औत घेऊन येतो. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. नेम एवढाच, की आवतण देताना एकही उंबरा वगळायचा नाही. आणि आवतण नसेल त्यानं दुसऱ्याच्या वावरात पाय टाकायचा नाही.

"आत्याबाई, सरकारचा हुकूम हाय. चौघांच्या वर मानसं आली तर?"

"आदी चौघं तर येऊ दे," बायनाबाई म्हणाली आणि सुपाऱ्या मोजायला बसली.

दोघी सकाळीच निघाल्या. छबुबाईचा पदर कपाळावर, गाठीत सुपाऱ्या, मागं काठी टेकत सासू. राधाकिशननं सुपारी घेतली आणि पटक्यात खोचली, पण येतो म्हणाला नाही. त्याची बायको केशरबाई तेवढा वेळ गल्लीच्या टोकाकडं बघत राहिली. सुंदररावांच्या मोठ्या घरी सुपारी आत गेली, पण कुणी बाहेर आलं नाही. तुळजाबाईच्या दारात तिचा नवरा म्हणाला, की डावा बैल लंगडतोय, बघू. उत्तरेश्वर मात्र अंगणात सामोरा आला. येणार की वैनी, हे काय सांगणं झालं, म्हणत त्यानं सुपारी कपाळाला लावली. होय म्हणणारा सगळ्या गावात तो एकटा निघाला, आणि त्या होकारानं तिला कुणाच्याही नकारापेक्षा जास्त धास्ती वाटली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

मग शिवशरणआप्पाचं दार आलं. महानंदा उंबऱ्यात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. दोघींना येताना बघून ती उठली, सूप बाजूला ठेवलं, आणि हाताचा भुस्सा पदराला पुसला. सुपारी घ्यायचा उजवा हात. पुसून तो तसाच पुढं धरून ती उभी राहिली.

छबुबाईनं खाली बघितलं आणि पाय उचलला.

"अगं, हे दार..." मागून सासू म्हणाली.

"चला आत्याबाई."

बायनाबाईची काठी क्षणभर वाजायची थांबली, मग पुन्हा वाजू लागली. घरी आल्यावर छबुबाईनं पदराची गाठ सोडली. तिच्यात एक सुपारी उरली होती. ती तिनं कुठंच ठेवली नाही, तशीच पुन्हा गाठीत बांधून टाकली.

इर्जिकीचं पीठ आदल्या दिवशी दुपारी दळतात. ज्या घरी आवतण गेलं, त्या घरच्या बाया येऊन दळतात. बाई आली तर उद्या गडी येईल, असा अदमास. छबुबाईनं जातं झाडलं, जात्यात वैरायला ज्वारी ठेवली आणि दाराकडं पाठ करून बसली, म्हणजे रिकामं दार दिसायला नको.

पहिली आली केशरबाई. मग तुळजाबाई. बऱ्याच वेळानं, डोक्यावरून पदर ओढून, सुंदररावांची वत्सलाबाई. एवढ्याच. चौघी जात्याला बसल्या, खुंट्यावर हातावर हात आले, दळण सुरू झालं. आणि कुणी गाईना. बायनाबाई भिंतीला टेकून बसलेली. तिनं आयुष्यात मुकं जातं ऐकलं नव्हतं. नुसता दगडावर दगडाचा आवाज, घरर घरर, जसा कुणी दात खातंय. शेवटी तिनंच आपल्या फाटक्या आवाजात सुरू केलं,

"जात्याच्या गं मुखी दाणा, दाणा मुखात मावंना,
मनातली गोष्ट बाई, माझ्या मनात ऱ्हाईना."

ओवी संपली, आणि केशरबाईचा हात खुंट्यावर ढिला पडला.

"छबे, वाईट वाटून घिऊ नको," ती जात्याकडं बघतच म्हणाली. "भावजींनी चौकीत नावं दिली म्हनं. आमच्या घरच्यांचंबी दिलं."

आजवर पाठीमागं चाललेलं बोलणं आज समोर येऊन बसलं होतं.

"कोन म्हनलं?"

"उत्तरेश्वर भावजी. तुमचं म्हनून सांगतो, म्हनले."

तुळजाबाईनं खुंटा सोडला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिनं आधी केशरबाईकडं बघितलं, मग छताकडं, आणि एकदाची म्हणाली, की तिला उत्तरेश्वरानं निराळंच सांगितलं होतं. राधाकिशन चौकीत जाऊन कान भरून आला, असं. हेही तुमचं म्हनूनच. तिनं तर कुणाला सांगणार नाही म्हणून लेकराची आण घेतली होती.

"माजा मालक?" केशरबाई म्हणाली. "त्यो चौकीच्या रस्त्यानं ढोरं सुदिक नेत न्हाई."

वत्सलाबाई पदरात तोंड घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडते की काय म्हणून छबुबाईनं पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. त्यांच्या घरी तुळजाबाईच्या नवऱ्याचं नाव आलं होतं. आणि सुंदररावांचं नाव कुणाच्या घरी गेलं, असं बायनाबाईनं विचारल्यावर केशरबाईनं मान खाली घालून सांगितलं, की तेही तिलाच, गेल्या बाजाराला, वाटेत.

"म्हंजी समदं गावच मुखबीर," तुळजाबाई म्हणाली. "मंग चुगली करायला मानूस उरलंच कोन?"

हसण्याची एक लाट उठली आणि जात्याभोवतीचं पीठ उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं. गडीमाणसं पारावर बसत असती तर हे पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. चौघांच्या वर एका जागी बसायचं नाही, हा हुकूम कशासाठी होता, ते छबुबाईला पीठ झटकता झटकता समजलं. बेड्या माणसांना घालायच्या नव्हत्याच, बोलण्याला घालायच्या होत्या.

"हासा," बायनाबाई भिंतीपासून म्हणाली. "पर त्यातलं येखांदं खरंबी आसंल की गं. कुनीतरी सांगितलंच ना."

हसू तिथंच विरलं. पुन्हा हात खुंट्याला लागले. या खेपेला केशरबाईनं ओवी धरली आणि तुळजाबाईनं ती उचलली. दळण सरेपर्यंत गाणं थांबलं नाही, पण चौघींचेही डोळे आपापल्या हातांवर होते. छबुबाईच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. उत्तरेश्वर महानंदाच्या ओसरीवरही बसला असेल. तिथं तो काय बोलला असेल? पदराच्या गाठीतली सुपारी तिच्या मांडीला टोचत होती. संध्याकाळी जावं का तिच्या दारी? ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. आत्याबाई म्हणाल्या तसं, त्यातलं एखादं खरं असेल, आणि ते नेमकं हेच असेल तर? पेपर कुठं असतात ते खरोखरच दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

ती गेली नाही.

सकाळी भाकरी, वरण आणि गुळाचा सांजा टोपल्यांत भरून सासू-सून वावरात आल्या. बैल झाडाखाली बांधले. दिवस कासराभर वर आला. वाटेवर कुणी नव्हतं. छबुबाईनं माती मुठीत घ्यायचं टाळलं. हात लावला की कळेल, आणि कळायला नको होतं. सांज्यावर माशी बसू नये म्हणून ती फडकं हलवत राहिली. एवढं अन्न घेऊन परत गावातून जायचं, प्रत्येक दारावरून. मग आश्रुबा सुटून आला तरी कुठल्या तोंडानं पारावर बसेल? वावर पडीक राहिलं तर एक साल जाईल. पण आज कुणी आलं नाही, तर त्याचं नावच या गावातून गेलं.

घुंगरं आधी ऐकली बायनाबाईनं. ओढ्याच्या वळणावर राधाकिशनचे बैल दिसले, मागं तिफण खांद्यावर घेऊन तो, आणि त्याच्या मागं केशरबाई. त्यांच्यानंतर बरंच अंतर ठेवून तुळजाबाईचा नवरा आला. लंगडा बैल अजिबात लंगडत नव्हता. सुंदरराव स्वतः आले नाहीत, पण त्यांचा सालगडी औत घेऊन आला, आणि मागून आपली तिफण घेऊन कुंभारवाड्यावरचा एकजण, ज्याच्याशी तिचं कधी चार शब्दांचंही बोलणं झालेलं नव्हतं. तिफणींना हळदीकुंकू लागलं. आणि मग त्या चौघांनी एक गंमतीचं काम केलं. कुणी कुणाजवळ थांबलं नाही. एकेकानं वावराचा एकेक कोपरा धरला, म्हणजे कुणी बघितलंच तर प्रत्येकजण एकटा दिसावा. एरवी इर्जिकीत औतं ओळीनं चालतात, हलगी वाजते, चेष्टा उडते. आज चार कोपऱ्यांत चार गडी, मागं चाड्यावर एकेक बाई, पाठमोरे पेरत होते. राधाकिशन बैलांनाही हळूच दटावत होता.

तेवढ्यात छबुबाईची नजर बांधाकडं गेली.

बांधाच्या पलीकडं, आपल्या काळ्या वावरात, शिवशरणआप्पा उभा होता. तिफण खाली टेकलेली, बैल जुंपलेले. हे बैल त्यानं कुठून मागून आणले होते कोण जाणे. महानंदा मागं हातात कासरा धरून. पाऊल मात्र बांधाच्या अलीकडं पडत नव्हतं. आवतण नव्हतं ना.

ती दोघं किती वेळची उभी असतील? चारही गड्यांनी त्याला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आणि त्याच वेळी डोंगराकडच्या रस्त्यावर धूळ उठली. चौकीचा जवान घोड्यावर, पुढं सटवा पायी. घोडा थांबला. जवानानं कपाळावर हात धरून वावर न्याहाळलं.

"कितने लोगां हैं रे?"

"चार गडी हायती, मालक," सटवाचा आवाज आला.

चार. हुकुमात बसणारे. एवढ्यावर थांबलं तर कुणाला काही होणार नव्हतं. पण चौघांच्या हातून दिवस मावळेपर्यंत सगळं वावर होणार नव्हतं. आणि आप्पाला बोलावलं तर पाच. बोलावलं, आणि उत्तरेश्वर खरं बोलला असला, तर पाचवा हा जवानाचाच माणूस. केशरबाई चाड्यावर मूठ धरून तशीच थांबली होती. सगळं वावर छबुबाईकडं बघत होतं.

तिनं वाकून माती उचलली, मूठ आवळली, उघडली. ढेकूळ कडेनं भेगाळलं होतं.

ती बांधाकडं चालू लागली. पदराची गाठ तिनं दातानं सोडली. आप्पासमोर येऊन सुपारी तळहातावर धरली.

"आप्पा, आवतन द्यायचं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं, का टाळलं?"

"टाळलं."

आप्पानं मान हलवली, जणू उधार-उसनवारीतली एखादी बाब जुळली. बैलानं शेपटी उडवली. मग तो हळू बोलला, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं. आश्रुबानं चौकीत त्याचं नाव दिलं, असं उत्तरेश्वर सांगून गेला होता. त्या दिवसापासून रोज सकाळी आप्पा धुतलेले कपडे घालून दुकानात बसत होता, न्यायला येतील तेव्हा बरं दिसावं म्हणून. पोत्याखालची वर्तमानपत्रं त्यानं जाळली होती. जवान येऊन गल्ल्यापाशी बसतात, फुकट बिड्या ओढतात, आणि ऊठ म्हणायची त्याची छाती होत नाही, हेही त्यानं सांगितलं. खाली बघून नाही, सरळ बघून.

"मी सांगितलं नसंल, हे तुला कशावरनं ठाव?" तो म्हणाला.

"न्हाई ठाव. त्यांनी तुमचं नाव दिलं नसंल, हे तुमाला तरी कुठं ठाव हाय?"

"न्हाई."

"मंग?"

आप्पानं वाकून बांधाकडची माती चिमटीत घेऊन बघितली.

"मंग काय माय," आप्पा म्हणाला. "वापसा चालला."

त्यानं सुपारी उचलली. तिफण उचलली. बैलांना चुचकारून तो बांधावरून खाली उतरला, आणि कोपरा न शोधता सरळ वावराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. महानंदा छबुबाईच्या शेजारून गेली तेव्हा थांबली नाही. फक्त जाता जाता, "पीठ कुनी दळलं? जाडं दळलंय," एवढं बोलली, टोपलीतल्या भाकरीकडं बघून. छबुबाईला हुंदका आला आणि हसूही आलं.

रस्त्यावरून जवानाचा आवाज आला, "अब कितने?"

ज्या तोंडानं सटवानं गावभर दवंडी दिली होती ते तोंड त्यानं उपरण्यानं पुसलं.

"पेरताना मानूस मोजीत न्हाईत, मालक. तिफनी मोजत्यात. तिफनीचा हुकूम काय आलेला न्हाई."

जवान हसला की गुरकावला, ते वावरात कळलं नाही. घोडा वळला आणि चौकीच्या वाटेनं गेला. सरळ चालीनं गेला, दौडत नाही, एवढंच सगळ्यांनी टिपलं. उद्या कुणाला तरी बोलावणं येईल, हे प्रत्येकाला दिसत होतं. पण राधाकिशननं आपला कोपरा सोडला आणि आप्पाच्या तिफणीला तिफण लावली. मग तुळजाबाईचा नवरा आला. औतं ओळीनं चालू लागली, आणि छबुबाईनं आप्पाच्या मागं चाड्यावर मूठ धरली, दरसाल धरायची तशी. समोर त्याची पाठ होती. ती पाठ सच्ची आहे की नाही, हे तिला आत्ताही ठाऊक नव्हतं. मुठीतून बी सारखं पडत राहावं, एवढ्यावर तिनं लक्ष ठेवलं.

उत्तरेश्वर आला तो जेवायच्या वेळेला. पंगत झाडाखाली बसली होती, पाचही गडी एका ओळीत. त्यांना तसं बसलेलं बघून तो बांधावरच अडखळला. हसू तोंडावर होतं, पण ते कुठं ठेवावं ते त्याला कळेना. बायनाबाईनं एक पत्रावळ मांडली, सांजा वाढला, वर तुपाची धार धरली.

"ये बाबा, बस," ती म्हणाली. "तुजं म्हनून वाढते."

आधी वत्सलाबाईचा सालगडी फिसकन हसला, कारण आदल्या संध्याकाळीच घराघरातून ती गोष्ट गड्यांपर्यंत पोचली होती. मग राधाकिशन. मग आप्पासुद्धा, पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता. उत्तरेश्वर बसला आणि मान खाली घालून जेवला. ते बघून छबुबाईला वाटलं, या माणसालाही चौकीत कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, त्याचं म्हणून. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. राग गेला नव्हता. पण भाकरी वाढली.

दिवस बुडायच्या आत बी मातीआड झालं. निघताना आप्पानं तीच सुपारी खिशातून काढून तिच्यापुढं धरली. उद्या त्याच्या वावराला बैल हवे होते. उद्या कोण मोकळं असेल आणि कोण चौकीत, ते कुणी बोललं नाही. राधाकिशन म्हणाला, मी पहाटेच येतो.

घरी जाताना वाट पारावरून होती. पार अजून ओसच होता. चौकीच्या दिशेनं घोड्याची टाप ऐकू येते का, म्हणून छबुबाईचे कान तिकडंच लागले होते. तिनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. नाव घ्यायला मुभा असते ती ओवीत. जातं समोर नव्हतं, तरी ती चालता चालता गुणगुणू लागली, आधी ओठांतल्या ओठांत, मग सासूलाही ऐकू येईल एवढ्यानं,

"बीडच्या गं तुरुंगात, कोन सांगावा हा धाडी,
आश्रुबाच्या वावरात, पाचवी तिफण तास काढी."

मागून काठी टेकत येणाऱ्या बायनाबाईनं दुसरी ओळ उचलली. कुठल्याशा दारातून आणखी एक आवाज त्यात मिसळला. महानंदाचा होता की दुसऱ्या कुणाचा, ते छबुबाईनं वळून बघितलं नाही.